सहाच्या अंकाखाली

३ फेब्रुवारी

आजपासून वही. निवृत्त होऊन सात महिने झाले आणि दिवस जाता जात नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दिवसभर लोकांचे तराजू आणि वजनं तपासायची, संध्याकाळी नोंद करायची. नोंद केली नाही तर मला अन्न पचत नसे. पण आता नोंद कशाची करू? सकाळी उठलो, चहा प्यालो, ही आणि मी वर्तमानपत्राची अर्धी अर्धी पानं वाटून वाचली. याला कुणी नोंद म्हणणार नाही.

आज मात्र घडलं. जुन्या सामानाच्या दुकानात कंदील घ्यायला गेलो होतो आणि एक स्विस मनगटी घड्याळ घेऊन आलो. बंद होतं. दोनदा किल्ली दिली, कानाशी धरलं, तर टिकटिक. साठ वर्षांचं यंत्र माझ्या कानात बोलायला लागलं. निवृत्तीनंतर मी असं लगेच कामाला लागलो असतो तर बरं झालं असतं.

किमतीची नोंद इथे करत नाही. ही वही हिच्या हाती लागू शकते.

६ फेब्रुवारी

घड्याळजींच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक माणूस आणि दीड खुर्ची. अर्धी खुर्ची गिऱ्हाइकासाठी. म्हातारा डोळ्यावरचं भिंग न काढताच बोलतो, त्यामुळे आपल्याला एकाच डोळ्याने रागावल्यासारखं वाटतं.

त्याने मला बसवून शिकवलं. "साहेब, नाव नंतर बघा. आधी सहाच्या अंकाखाली बघा."

तबकडीच्या अगदी काठाशी, मुंगीच्या पायाएवढ्या रोमन अक्षरांत ‘स्विस’ लिहिलेलं असतं. अंधारात चमकणारा रंग असून खाली नुसतं ‘स्विस’ असेल, तर माल बहुधा जुना, रेडियमच्या काळातला. शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक ‘टी’ असेल तर रंग ट्रिटियमचा, म्हणजे साठच्या दशकात किंवा त्यानंतर बनलेला. ‘टी’च्या जागी शेपटीवालं शून्य असेल तर तासांच्या खुणा सोन्याच्या. एवढ्याशा जागेत जन्म, वय आणि ऐपत. माणसांच्या हनुवटीखाली असं काही छापलेलं असतं तर माझ्या खात्याचं काम फार सोपं झालं असतं.

आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे रंगवलेली तबकडी. जुनी डागाळली म्हणून कुणी तरी पुसून नवी रंगवून घेतो. तोंड चकचकीत होतं आणि किंमत निम्मी. "डाग असू देत," घड्याळजी म्हणाला. "डायलला हात लावायचा नाही. फुंकरसुद्धा जपून मारायची."

खोटं माप पकडण्यात माझी हयात गेली. हा छंद माझ्यासाठीच निघालेला दिसतो.

९ फेब्रुवारी

लाजेने लिहितो. दुसरं घड्याळ घेतलं होतं, त्याच्या खालच्या काठावर धुरकट पट्टा होता. वाटलं, मळ आहे. झाकण उघडलं, ओला कापूस फिरवला. मळ तसाच राहिला आणि ‘स्विस’ कापसावर आलं. आता सहाच्या अंकाखाली काहीच नाही. तीन दिवसांपूर्वी शिकलेला धडा तिसऱ्याच दिवशी पुसला.

घड्याळजीला सांगायची सोय नाही. हिलाही सांगितलं नाही. टेबलाच्या खालच्या खणात मागे ठेवून दिलं.

१९ फेब्रुवारी

आज मजा झाली. बाजारातून एक घड्याळ उसनं बघायला आणलं होतं. भिंगाखाली अर्धा तास घातला, मला तर चोख वाटत होतं. ही भाजी चिरत होती. सहज म्हटलं, "बघतेस का जरा?"

हिने हात पुसले, भिंग डाव्या डोळ्याला लावलं आणि मी चष्मा पुसेपर्यंत निकाल दिला. "हे तीन एस एका साच्यातले नाहीत. पहिल्याचं पोट सुटलंय. आणि काठ वळतोय, पण अक्षरं वळत नाहीत. कुणीतरी नंतर लिहिलंय."

मी बघतच राहिलो. मग आठवलं की ही तेहतीस वर्षं नकाशा कार्यालयात अक्षरलेखक होती. यंत्रं येण्याआधी गावं, डोंगर, नद्या सगळ्यांची नावं हातानेच लिहीत. हिच्याकडे नद्या असत. ही म्हणाली, "नदीचं नाव नदीबरोबर वळलं पाहिजे. नाही वळलं तर पाण्यात ओंडका पडल्यासारखं दिसतं."

घड्याळजीला दाखवलं. त्याने भिंगातून बघून मान डोलावली. "रंगवलेलीच आहे. बाईंना इथे बसवा साहेब, मी घरी बसतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. आता ठरलं की माल मी शोधायचा आणि निकाल हिने द्यायचा. आज संध्याकाळभर ही गुणगुणत होती. कारण कळलं नाही.

४ मार्च

दोन घड्याळं तपासली. एक चोख, एक रंगवलेलं. हिचा निकाल दोन्हींत बरोबर.

एक गंमत. हिने आज भिंग उजव्या डोळ्याला लावलं. आयुष्यभर डाव्याने बघणारी बाई. विचारलं तर म्हणाली, "डाव्याला निवृत्ती नको का? तुम्हालाच तेवढी?"

११ मार्च

हिने सकाळी चहा कपाच्या बाहेर ओतला. निम्मा बशीत, निम्मा टेबलावर. मी म्हटलं, "लक्ष कुठे आहे?" तर म्हणाली, "तुमच्या घड्याळांत." माझाच टोला मला परत.

१८ मार्च

ही हल्ली आळशी झाली आहे. वर्तमानपत्राची आपली अर्धी पानं पाच मिनिटांत घडी घालून ठेवते आणि म्हणते, "अहो, तुम्हीच वाचून दाखवा. तुमचा आवाज निरीक्षकाचा आहे, बातमी खरी वाटते." मला काय, मी वाचतो. शब्दकोडंही आता मीच वाचतो आणि ती सोडवते. सोडवायला मात्र तशीच तल्लख.

२७ मार्च

आज एक अतिशय नाजूक घड्याळ आणलं. काटे केसासारखे. हिने हातात घेतलं, बराच वेळ फिरवलं आणि म्हणाली, "याला काटे नाहीत का?"

मी खो खो हसलो. "आहेत की. बारीक आहेत एवढंच."

तीही हसली, पण माझं हसून झाल्यावर. मग म्हणाली, "आकडे छान आहेत. गोल अगदी नेटका लागलाय."

२ एप्रिल

टेबलासाठी नवा दिवा आणला. प्रखर आहे, अक्षर न् अक्षर दिसतं. हिने विचारलं, "हा मी स्वयंपाकघरात नेऊ का?" मी म्हटलं, भाज्यांवर कुठे ‘स्विस’ लिहिलेलं असतं?

तपासताना हिला एक खोड लागली आहे. मी म्हणतो, सहाच्या खाली बघ. ही मान वर करून बाराकडे बघते. दोनदा टोकलं. कामात मन नसलं की माणूस असाच भलतीकडे बघतो, दुकानदारांच्या बाबतीत मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. नव्याची नवलाई संपली असावी. मला जरा वाईट वाटलं.

१२ एप्रिल

आज सोन्याचा दिवस. कप्तान म्हणून एक गृहस्थ आहेत, जहाजावर होते, आता संग्रह मोडत आहेत. त्यांच्याकडे मला हवं होतं ते घड्याळ निघालं. काळी तबकडी, जाड खुणा आणि सहाच्या खाली ‘टी, स्विस, टी’. मी गेले दोन महिने ज्याची स्वप्नं बघतोय तेच. कप्तानांनी विश्वासाने एक दिवस घरी नेऊ दिलं.

हिच्या हातात दिलं. म्हटलं, "नीट बघ. दोन्हीकडे टी आहेत. मला तर चोख वाटतंय. तुला काय वाटतं?"

हिने भिंग लावलं. माझ्या सांगण्याप्रमाणे फिरवलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाली, "चोख आहे. घ्या."

घेतलं. किंमत इथेही लिहीत नाही.

१३ एप्रिल

दिवसभर मनगटावर. भाजीवाल्याने न विचारता त्याला तीनदा वेळ सांगितली.

२९ एप्रिल

घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडायला लागलं म्हणून घड्याळजीकडे नेलं. त्याने उघडलं, तबकडी भिंगाखाली धरली आणि गप्प झाला. हा माणूस गप्प झाला की काय समजायचं ते मला आता कळतं.

"बाईंनी बघितलं होतं?"

"बघितलं होतं."

"मग नवल आहे." त्याने भिंग मला दिलं. "तीन एस बघा. तिघे तीन घरचे. ओळ सरळ रेषेत आणि दुसरा टी मिनिटाच्या रेघेवर चढलाय. कप्तानालाही ठाऊक नसेल, चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने रंगवून घेतली असेल. पण बाईंना हे दिसलं नाही, असं होणार नाही."

दिसलं नाही असं होणार नाही. मी घरी येईपर्यंत हेच वाक्य घोळवत होतो. फेब्रुवारीत हिने हेच दोष, अगदी हेच, डोळ्याचं पातं लवायच्या आत पकडले होते. म्हणजे हिला दिसलं आणि तरीही हिने ‘घ्या’ म्हटलं. का? मी पैसे उडवतो म्हणून अद्दल घडवायला? की माझा छंद हिला इतका बिनमहत्त्वाचा वाटतो की बघायचे कष्टही घेतले नाहीत?

दोन्हींपैकी काय जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

३० एप्रिल

सकाळी सगळं बोललो. मी ओरडत नाही, ओरडलोही नाही. कारणे दाखवा नोटीस वाचून दाखवावी तसं एकेक कलम सांगितलं. तीन एस. सरळ ओळ. रेघेवर चढलेला टी. ही ऐकत होती. हातातलं फडकं घडी करत होती, उलगडत होती.

शेवटी ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

मी म्हटलं, "आता काही सांगू नकोस. तुला जे सांगायचं होतं ते सांगायची वेळ बारा एप्रिलला होती."

ती फडकं घेऊन आत गेली.

एकतीस वर्षांत मी एका गोष्टीला क्षमा केली नाही. चूक समजू शकतो, पण जाणूनबुजून खोटं वजन टाकणाऱ्याला नाही. हिच्या शब्दाला आता या टेबलावर वजन नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण नोंद ती नोंद.

५ मे

घरात अबोला. म्हणजे मी धरलेला. ती बोलते, मी हूं म्हणतो.

लेकीचा फोन आला. दुसऱ्या गावात असते, पण तिथून सगळ्यांची हजेरी घेते. म्हणाली, "बाबा, आई फोन लावताना आकडे चुकवते. परवा तीनदा भलत्यालाच लागला म्हणे. डोळे तपासून घ्या ना तिचे."

"तुझ्या आईचे डोळे घारीचे आहेत," मी म्हटलं. "डोळे ठीक आहेत. तिचं मन ठिकाणावर नाही."

"तुम्ही विचारलंत तिला?"

मी विषय बदलला.

९ मे

दुपारी ही टेबलाशी येऊन उभी राहिली. "आज काही नाही का बघायला?"

"नाही."

समोर दोन घड्याळं पडली होती.  तिने भिंग उचलून त्याच्या डबीत ठेवलं आणि डबी खणात ठेवायला गेली, तर डबीच खणाच्या बाहेर खाली पडली. उचलायला वाकलो नाही. तिने चाचपून उचलली.

१० मे

सरळ सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं आहे. खात्यात आमची एक युक्ती होती. दुकानदाराच्या वजनांत आमचं एक पोकळ वजन गुपचूप ठेवायचं. प्रामाणिक माणूस हातात घेताक्षणी म्हणतो, हे हलकं आहे. ज्याला लपवायचं असतं तो गप्प बसून मापतो.

माझ्याकडे पोकळ वजन आहे. खालच्या खणात, मागे.

११ मे

सकाळी टेबलावर तीन घड्याळं मांडली. पहिलं चोख. दुसरं कप्तानाचं. तिसरं मी पुसलेलं, ज्याच्या सहाच्या अंकाखाली काहीही नाही. दिवा लावला आणि हिला हाक मारली. "जरा बघतेस का?"

तिने लगेच हात धुतले, पदराला पुसले, केस कानामागे सारले. अकरा दिवसांनी मी आपण होऊन बोललो होतो. खुर्चीत बसताना म्हणाली, "मला वाटलं, आता विचारायचेच नाहीत तुम्ही."

 एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते गिळून बसलो होतो.

पहिलं हातात घेतलं. "चोख."

दुसरं घेतलं, तोललं. "हे कप्तानाचं. जड आहे, हाताला कळतं. रंगवलेलं आहे, तुम्ही सांगितलंत तसं."

तिसरं घेतलं. भिंग लावलं. मान वर करून बाराकडे बघितलं. बराच वेळ गेला. "खाली स्विस आहे. अक्षरं काठाबरोबर वळलीत. चोख आहे हे."

तयार केलेलं वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते बाहेर आलं नाही. काय झालं मला सांगता येत नाही. निरीक्षक म्हणून मी शेकडो लोकांना या क्षणी पकडलं आहे आणि त्यांचे चेहरे मला पाठ आहेत. खोटं बोलणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो, पटलं की नाही ते बघायला. ही माझ्याकडे बघत नव्हती. ही माझ्या कानाकडे बघत होती.

"एस किती आहेत?" मी विचारलं.

"तीन," ती म्हणाली. आवाज खाली आला होता.

"माझ्याकडे बघ."

"बघतेय."

"मी कुठे आहे?"

तिने भिंग टेबलावर ठेवलं. अगदी हळू, आधी टेबलाची कड बोटाने शोधून. "काठाकाठाने आहात," ती म्हणाली. "केस दिसतात. खांदा दिसतो. मधे तोंडाच्या जागी पुसल्यासारखं आहे."

मग सगळं सांगितलं. आधी डावा गेला. एक दिवस नकाशातली रेघ वाकडी दिसावी तशी दाराची चौकट वाकडी दिसली, मग मधे एक धुरकट डाग आला. मग उजव्यातही. वर्तुळाचा काठ दिसतो, मधलं नाही. बाराकडे बघितलं की सहाच्या खालचं थोडं दिसायचं, म्हणून वर बघत होती. मग तेही दिसेना.

"मग निकाल कसे देत होतीस?"

"तुमच्या आवाजावरून. तुम्हाला शंका असली की तुम्ही लांबण लावता. चोख वाटलं की घाईने बोलता. कप्तानाचं आणलंत तेव्हा इतक्या घाईने बोललात की मला वाटलं, चोखच असणार."

"सांगायचं नाही का मला?"

 ती म्हणाली, "चौतीस वर्षं झाली लग्नाला. तुम्ही मला घरातलं सगळं विचारलंत, पण माझ्या कामातलं कधी विचारलं नव्हतंत. या फेब्रुवारीत पहिल्यांदा विचारलंत. सांगितलं असतं तर दाखवायचं बंद केलं असतंत."

आणि मी बंदच केलं होतं.

मी तिच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. "यावर काही लिहिलेलं नाही," म्हटलं. "मीच पुसलंय."  लेकीला फोन केला, तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली.

१२ मे

डॉक्टरीण तरुण आहे, लेकीच्या वयाची. हिच्या पुढे चौकटी चौकटींचा एक कागद धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. ही म्हणाली, "ठिपका कुठे आहे? आणि रेषा सरळ कुठे आहेत, या तर नद्यांसारख्या वळल्यात."

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध रक्तवाहिन्या गळताहेत. इंजेक्शनं द्यायची, दर महिन्याला, डोळ्यात. उजवा बराचसा राखता येईल असं वाटतं. डाव्याच्या मधल्या भागावर वण धरला आहे. तो परत येणार नाही.

मग तिने कागद पुढे ओढून विचारलं, "त्रास नक्की केव्हापासून आहे? डावा आधी, ना? साधारण तारीख?"

ही म्हणाली, "तारीख कशी आठवणार."

मला आठवत होती. माझ्याकडे तारखा होत्या. चार मार्च, भिंग उजव्या डोळ्याला. अकरा मार्च, चहा कपाच्या बाहेर. अठरा मार्च, वर्तमानपत्र. सत्तावीस मार्च, काटे. दोन एप्रिल, बाराकडे बघणं. कुठलाच पुरावा सुटलेला नव्हता. एवढी चोख नोंद मी खात्यातही केली नसेल.

मी सगळ्या सांगितल्या. डॉक्टरिणीचं लिहिणं थांबलं. "तुम्ही लिहून ठेवलंय?"

"हो."

 मीच विचारलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर? ती म्हणाली, "आता उजव्याकडे बघू या." चांगली आहे. लोकांना हलकं वजन देत नाही, पण डोक्यावरही टाकत नाही.

१५ मे

पहिलं इंजेक्शन झालं. हिने माझा हात धरला होता, म्हणजे आवळला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "टोचताना काही नाही वाटलं. तुमचाच हात थंड पडला होता."

प्रखर दिवा स्वयंपाकघरात लावून दिला.

२६ मे

आज हिने विचारलं, "त्या वहीत काय लिहिता रोज? डॉक्टरिणीला तारखा सांगितल्यात ती हीच ना? वाचून दाखवा."

मी म्हटलं, कंटाळवाणी आहे.

"निरीक्षकाच्या आवाजात वाचा. खरी वाटेल."

रोज संध्याकाळी थोडं वाचायचं ठरलं. आज नऊ फेब्रुवारीपर्यंत वाचलं. कापसाचं ऐकून ती डोळे पुसेपर्यंत हसली. "म्हणजे लपवायची सुरुवात तुम्ही केलीत," म्हणाली. मग ते घड्याळ मागून घेतलं आणि मनगटाला बांधलं. "हे मला बरं. यात वाचायला काही नाही." किल्ली मी देतो. वेळ विचारली की तीही मीच सांगतो.

१४ जून

उद्या दुसरं इंजेक्शन. उजव्यातला डाग वाढलेला नाही. आज सकाळी ही म्हणाली की माझं नाक दिसलं, पूर्वी होतं त्यापेक्षा मोठं आहे.

संध्याकाळी वाचायला बसलो. चहाचं आणि काट्यांचं मागेच वाचून झालं होतं, तेव्हा ती मान खाली घालून ऐकत होती. एकोणतीस एप्रिल वाचलं. ‘अद्दल घडवायला’ हे शब्दही वाचले. मग तीस एप्रिल आलं. मनात आलं, हे पान गाळावं. तिला कळणार नाही, पान दिसत नाही तिला. तेवढ्यासाठीच गाळलं नाही.

‘हिच्या शब्दाला आता या टेबलावर वजन नाही’ हे आधी डोळ्यांसमोर आलं, पण ते खाली होतं. त्याच्या वर दुसरं होतं. मी वाचलं. "शेवटी ती म्हणाली, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हटलं, आता काही सांगू नकोस."

इथे थांबलो. हे माझ्याच अक्षरात होतं आणि मी ते लिहिल्यापासून एकदाही वाचलं नव्हतं.

"काय सांगायचं होतं त्या दिवशी?" मी विचारलं.

"तेच," ती म्हणाली. "फडक्याची घडी करत होते ना, तेव्हा मनाशी ठरवलं होतं. आज सांगून टाकायचं."

तीस एप्रिल ते अकरा मे. अकरा दिवस. उजव्या डोळ्याला त्या अकरा दिवसांत काय झालं असेल हे मी उद्या डॉक्टरिणीला विचारणार आहे. नोंद अर्धी ठेवायची मला सवय नाही. आता मात्र मला पुढची ओळ दिसत नव्हती.

 हिने हात पुढे करून टेबलावर माझं मनगट शोधलं, त्यावरच्या कप्तानाच्या घड्याळाला बोट लागलं, तिथेच ठेवलं.

"मधेच थांबू नका हो," ती म्हणाली. "पान संपलं, की तुम्हीच थांबलात, ते मला कळत नाही."

पान संपलं नव्हतं.